साळूचा चेंडू

एडवणला येऊन मला आता वीस वर्षे होत आली. सफाळे स्टेशनात उतरून समुद्राच्या अंगाला निघाले की आधी भातखाचरे, मग खाजणे आणि शेवटी वाड्या लागतात. नारळ, केळी, भाजीपाला आणि बांधाच्या कडेने लावलेली रताळी नि कोनफळे. मागे वळून पाहिले तर तांदूळवाडीचा डोंगर. ज्या प्राण्याविषयी लिहायचे आहे तो त्या डोंगरातून रात्री खाली उतरतो, वाडीत जेवतो आणि पहाटे परत जातो, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. ती चुकीची होती. पण या प्राण्याबाबत ती माझी पहिली चूक नव्हे, म्हणून पहिलीपासूनच सांगतो.

नोकरीचे पहिलेच वर्ष. शनिवारी सकाळची शाळा असे आणि शेवटच्या तासाला मी मुलांना गोष्ट सांगत असे. त्या शनिवारी ॲलिसची पाळी होती. लुइस कॅरलने १८६५ साली छापलेल्या त्या गोष्टीत राणी क्रोकेचा डाव मांडते. चेंडू टोलवायला दांड्याऐवजी लांब मानेचे पक्षी आणि चेंडू म्हणून जिवंत हेजहॉग. पक्ष्याचे भागले; आपल्याकडे रोहित आहेच. हेजहॉगपाशी मात्र जीभ अडली. काटे असलेला प्राणी म्हटल्यावर जो शब्द सुचला तो मी दडपून दिला : "राणीने साळूचे चेंडू केले होते."

तिसऱ्या बाकावरचा एक वाडीतला मुलगा उठून उभा राहिला. "गुरुजी, साळूचा चेंडू कसा होईल? तो आमच्या कुत्र्याएवढा असतो. कुत्र्याच्या तोंडात काटे गेले होते, ते आप्पांनी सांडशीने काढले."

वर्ग हसला. "मला ठाऊक नाही" हे तीन शब्द कोणत्याही मास्तराला जड जातात. नव्या मास्तराच्या तर घशातच अडकतात. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "साळूची एक लहान जात असते. मुठीएवढी. ती चेंडू होते. आपल्याकडेही सापडते." एका दमात मी एक नवा प्राणी निर्माण केला आणि त्याला पालघर तालुक्यात राहायला जागाही देऊन टाकली.

पुढे आश्विनात, वाडी साफ करताना, त्याच मुलाला बांधाखाली एक पिल्लू सापडले. आंब्याच्या पेटीत गवत घालून तो ते धावत घेऊन आला. "गुरुजी, तुमची लहान जात!" त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. पेटीत खरोखरच मुठीपेक्षा थोडे मोठे, काटेरी, चमकत्या डोळ्यांचे पिल्लू होते आणि मला, खोटे का बोला, आनंदच झाला. हेजहॉग किडे खातो हे मी कुठेतरी वाचले होते. मुलांनी भुंगेरे आणले, गांडुळे आणली. मी बशीत दूध ठेवले. पिल्लाने कशालाही तोंड लावले नाही. जवळ गेले की ते पाय आपटी, पाठ वळवी आणि इवलेसे काटे उभारी. चेंडू काही होईना. "घाबरले आहे, म्हणून होत नाही," मी मुलांना सांगितले. वास्तविक हेजहॉग घाबरतो तेव्हाच चेंडू होतो. इतके साधे विसंगत वाक्य मी वर्गात उच्चारले आणि कुणी हसले नाही; सगळ्यांचे लक्ष पेटीत होते.

तिसऱ्या रात्री पिल्लू मेले. मुलाचे आजोबा, म्हणजे आप्पा, लेकीकडे डहाणूला गेले होते. ते सकाळी परतले आणि तडक माझ्या खोलीवर आले. पिल्लाचा ओठ त्यांनी अंगठ्याने वर केला. पुढे दोन पिवळट, पटाशीसारखे दात.

"मास्तर, दात पाहिले होते का याचे? हा उंदराच्या गोतातला. कंद कुरतडणारा. हा किडे कशाला खाईल?" मग जरा थांबून म्हणाले, "दोन रात्री कुंपणाशी खुडबुड चालली होती, घरचे सांगतात. पेटी तिथे नेऊन उघडली असती तर गेले असते आईच्या मागून."

वन्य प्राणी असा पेटीत ठेवायला १९७२ सालच्या कायद्याने बंदी आहे, हेही मला त्या तीन दिवसांत आठवले नव्हते. मुलगा वर्ष संपेपर्यंत शनिवारच्या गोष्टीला बसला, पण प्रश्न काही त्याने पुन्हा विचारला नाही.

तेव्हापासून मी या दोन काटेकऱ्यांच्या मागे आहे. मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. जुनी पुस्तके उलटावीत, जुन्या माणसांना विचारावे, एवढीच माझी साधने. पण लवकरच ध्यानात आले की काट्यांना पाहून दात न पाहणारा मी काही पहिला नव्हे. या बाबतीत माझ्यामागे मोठी परंपरा उभी आहे.

नावेच पाहा. इंग्रजीत साळूला जो शब्द आहे त्याचा लॅटिनमधून आलेला अर्थ काटेरी डुक्कर. हेजहॉग म्हणजे कुंपणातले डुक्कर. तामिळमध्ये साळू तो 'मुळ्ळम्पन्री', काट्यांचे डुक्कर, आणि हेजहॉग तो 'मुळ्ळेली', काट्यांचा उंदीर. हिंदीतही हेजहॉगला काँटा चूहा म्हणतात. आता गंमत अशी की उंदराचा खरा भाऊबंद साळू आहे, ज्याला सगळे डुक्कर म्हणतात. आणि ज्याला उंदीर म्हणतात तो हेजहॉग उंदराचा कुणीच नव्हे. त्याचे नाते चिचुंद्रीशी. तिलाही आपण उंदीरच समजतो. माणसाने या दोघांना नावे दिली म्हणण्यापेक्षा नावे ठेवली म्हणावे हे बरे!

मराठीत साळूला साळ, साळिंदर, सायाळ अशी मुबलक नावे आहेत. शल्य म्हणजे टोचणारा काटा. त्याच घरातली ही मंडळी दिसतात. हेजहॉगला मात्र घरगुती मराठी नाव नाही. ग्रंथकार 'जाहक' असा संस्कृत वळणाचा शब्द वापरतात, पण आमच्या वाडीत तो उच्चारला तर लोक औषधाचे नाव समजतील. या उणिवेचे कारण मला सफाळ्याच्या एका कच्छी दुकानदारांनी नकळत सांगितले. हे शेठ नवरात्रात एडवणच्या आशापुरीच्या दर्शनाला येतात. कच्छात माता नो मढ येथे आशापुरा मातेचे मोठे ठाणे आहे, तेव्हा त्यांना ही देवी घरचीच वाटते. देवळाच्या पायरीवर बसून मी त्यांना साळूचे गुजराती नाव विचारले. "शाहुडी." आणि लहान, चेंडू होणारा? "एनुं नाम शेळो," ते लगेच म्हणाले, आणि लहानपणी दिव्याखाली पडलेले भुंगेरे टिपायला शेळो कसा येई, काठीने हलवला की नाक-पाय पोटात घेऊन कसा गोल होई, हे त्यांनी हाताची मूठ मिटून दाखवले. ज्यांच्या अंगणात दोन्ही प्राणी येतात त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. शेळ्याला कोरडी जमीन लागते. राजस्थान, कच्छ, सिंध हा त्याचा मुलूख. त्याचा एक भाऊ दक्षिणेत, तामिळनाडूच्या रुक्ष माळांवर राहतो. कोकणच्या पावसात त्याचा संसार होत नाही. जो दारी येतच नाही त्याला हाक कशाला लागेल?

शेठजींच्या मुठीवरून ओळखही पक्की झाली. शेळा वितीभर लांब, वजनाला अर्धा किलोच्या आतबाहेर; साळू दहापंधरा किलोंचा. शेळ्याचे काटे जेमतेम नखाएवढे. साळूचा पाठीवरचा काटा वीतभर, मानेवरचे त्याहून लांब. शेळ्याच्या पाठीच्या कातडीखाली एक गोल स्नायू असतो. तो पिशवीच्या नाडीसारखा आवळला की काटे बाहेर आणि प्राणी आत. साळूला गोल होता येत नाही. तो पाठ करतो, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळ्यासारखे वाजवतो आणि मग उलटा, मागल्या मागे, अंगावर येतो. शेळा किडे, बेडूक, पक्ष्यांची अंडी खातो. अन्नपाण्याचा दुष्काळ पडला की बिळात निपचित पडून दिवस काढतो. साळू कंद, मुळे, साली खातो आणि दात झिजवायला नि अंगाला चुना मिळवायला हाडे कुरतडतो. शेळ्याची पिल्ले डोळे मिटलेली जन्मतात. साळूचे पिल्लू उघड्या डोळ्यांनी, मऊ काट्यांनिशी येते. पेटीतल्या त्या चमकत्या डोळ्यांनीच खरे तर मला सांगितले होते. मी ऐकले नाही.

आपल्या पूर्वजांना हे दोन प्राणी वेगळे आहेत याची पूर्ण जाणीव होती. पाच नखांच्या प्राण्यांपैकी कोणते खावेत याची यादी मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. तीत श्वाविध् आणि शल्यक अशी दोन नावे शेजारीशेजारी येतात. रामायणात बाण लागून पडलेला वाली रामाला खडसावतो, तेव्हा तोही हीच यादी ऐकवतो : पाचच पंचनखी भक्ष्य, त्यांत साळू आहे, शल्यक आहे, ससा, घोरपड, कासव आहे, वानर नाही, मग मला मारून तुला काय मिळाले? मरताना इतका शास्त्रशुद्ध वाद घालणारा दुसरा कोणी आठवत नाही. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी हीच पाच पंचनख्यांची गोष्ट घेतली आहे. पाच भक्ष्य म्हटले की बाकीचे अभक्ष्य हे न सांगता कळते, हा त्याचा मुद्दा. म्हणजे ही यादी वैयाकरणांनाही तोंडपाठ होती. श्वाविध् म्हणजे कुत्र्याला भोसकणारा. सांडशीने काटे काढलेल्या त्या कुत्र्याला विचारले असते तर या व्युत्पत्तीला त्याने मान डोलावली असती. मग उरलेला शल्यक कोण? मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या ब्यूलर या जर्मन पंडिताने १८८६ साली मनुस्मृतीचे इंग्रजी केले, त्यात त्याने पहिल्याला साळू आणि दुसऱ्याला हेजहॉग म्हटले. मला ते पटते.

साळूच्या काट्याला तर आपल्या घरात मानाचे पान आहे. सीमंतोन्नयनात गर्भवतीच्या केसांचा भांग नवऱ्याने काढायचा, तो तीन पांढरे ठिपके असलेल्या साळूच्या काट्याने, सोबत उंबराची कोवळी फळे नि दर्भ घेऊन. गृह्यसूत्रांनी हे सांगितले आहे. इथे शेळ्याचा संशय घ्यायला जागाच नाही. नखाएवढ्या काट्याने भांग काढायला बसले तर बाळ जन्मून बारसे होईल. माझ्या मावशीच्या लाकडी पेटीत असा एक काटा जपून ठेवलेला होता. आणि हीच मावशी आम्हा मुलांना ओरडे : रानात सापडलेला साळूचा काटा घरात आणू नका, घरात भांडणे लागतात! ठिपके मोजून ठेवलेला काटा मंगल आणि सापडलेला काटा कळलाव्या, हा भेद तिने कधी समजावून दिला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

एका जागी मात्र श्वाविधानेच मला बुचकळ्यात टाकले. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात सापाच्या विषावरचे एक सूक्त आहे. त्यात डोंगरावरून उतरून आलेली एक कानवाली श्वाविध् विष निष्प्रभ असल्याची ग्वाही देते. भाषांतरकारांचे इथे एकमत नाही. कोणी साळू म्हणतो, कोणी हेजहॉग. आता साळूचे कान लहान, राठ केसांत लपलेले. त्याला कोणी 'कानवाला' म्हणणार नाही. पण वायव्येकडे, पंजाब-राजस्थान-सिंधच्या बाजूला, हेजहॉगची एक लांब कानांची जात आहे. शिवाय हेजहॉग लहानसहान साप मारून खातो आणि त्याच्या शरीरात सापाच्या विषाला पुष्कळ अंशी तोंड देण्याची ताकद असते, हे आता सिद्ध झाले आहे. विषावरच्या मंत्रात बोलावण्याजोगा साक्षीदार कोणता, कंद खाणारा की साप खाणारा? माझा कौल कानवाल्या शेळ्याला. पंडितांनी हवे तर मला उभे करावे.

युरोपात हेजहॉग अंगणातला, म्हणून तिथे त्याच्याविषयी गैरसमजही घरगुती. रोमचा प्लिनी लिहून गेला की हेजहॉग पडलेल्या सफरचंदांवर लोळतो आणि ती काट्यांत खोचून बिळात नेतो. चित्रांत अजून तो सफरचंदे वाहतोच आहे. खरा हेजहॉग सफरचंदापेक्षा त्यातल्या अळीचा भुकेला. इंग्लंडात त्याच्यावर याहून वाईट आळ आला : तो रात्री बसलेल्या गाईचे दूध पितो! आमच्याकडे धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात, त्याच चालीचे हे. पण आम्ही धामणीवर नुसता आळ घेतला. इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या काळी, १५६६ साली, कायदाच झाला आणि हेजहॉगच्या मुंडक्याला दोन पेन्स बक्षीस लागले. न प्यालेल्या दुधापायी त्यानंतर किती हेजहॉग मारले गेले असतील!

साळूवरचा आळ त्याहून जुना : तो काटे बाणासारखे फेकून मारतो. ॲरिस्टॉटलने हे लिहिले, प्लिनीने लिहिले आणि एडवणच्या वाडीत आजही ते शपथेवर सांगणारी माणसे आहेत. काटे सैल असतात, उलट्या धडकेत शत्रूच्या अंगात घुसून राहतात; पाहणाऱ्याला अंधारात फेकल्यासारखे वाटते. पण त्या न फेकलेल्या काट्यांची करामत हलकी समजू नये. जिम कॉर्बेटने १९४४ साली छापलेल्या आठवणींत मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीची हकीगत आहे. साळूशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि पन्नासएक काटे पुढच्या पायात रुतून बसले. शिकार साधेना, तेव्हा ती माणसांकडे वळली. एका साळूच्या काट्यांनी माणसांचे बळी घेतले म्हणायचे.

शास्त्रीय नोंदीचा काळ आला तो साहेबांबरोबर. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनला सादर केली आणि आपल्या साळूला 'पांढऱ्या शेपटीचा' असे नाव दिले. शेपटीचे पोकळ पांढरे काटे त्याच्या नजरेत भरले असावेत. पण केर नावाच्या लेखकाने १७९२ मध्येच त्याला 'हिस्ट्रिक्स इंडिका' म्हणून ठेवले होते, आणि शास्त्रात बारसे एकदाच होते. शेळ्याला मात्र १८४६ पर्यंत वाट पाहावी लागली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने त्याला 'मायक्रोपस', म्हणजे लहान पायांचा, म्हटले. दक्षिणेतल्या भावाला १८५१ मध्ये हॉर्सफील्डने नाव दिले, 'उघड्या पोटाचा'. ब्लाइथने नाव द्यायला प्राणी समोर घेतला, त्याचे पाय पाहिले. मी माझ्या 'लहान जाती'साठी फक्त तोंड उघडले होते.

आता राहिली डोंगराची गोष्ट. महाभारतात वारणावताला निघालेल्या धर्मराजाला विदुर सर्वांदेखत, पण कूट भाषेत, सावध करतो. त्यातला एक संकेत असा की जो श्वाविधासारखे घर करील तो अग्नीतून सुटेल. धर्मराजाने ते ओळखले, लाक्षागृहाखाली भुयार खणवले आणि पांडव वाचले. साळूच्या बिळाला अनेक तोंडे असतात हे विदुराला माहीत होते आणि युधिष्ठिराला कळेल याची खात्रीही होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व १९३३ साली पुरे झाले. त्यातही हा संकेत जागच्या जागी आहे.

गेल्या वर्षी आप्पांच्या वाडीत गेलो होतो. आप्पा आता थकले आहेत, पण काठी टेकत त्यांनी मला मागच्या बांधाकडे नेले. बांधाला एक रुंद तोंड, आत निसरडी माती, बाहेर कुरतडलेले हाड आणि दोन काटे. साळू डोंगरातून येत नव्हताच. इतकी वर्षे तो वाडीतच घर करून होता, जोडीने. ते पिल्लूही इथलेच असणार. मी आणखी दोन तोंडे हुडकली, एक फणसाच्या मुळाशी, एक पाटाच्या कडेला, आणि उत्साहाने आप्पांना विदुराची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"तीन नाहीत मास्तर, चार," ते म्हणाले, आणि मी उभा होतो त्याच्या मागची करवंदीची जाळी त्यांनी काठीने बाजूला केली.